पिल्लाला अंगण द्या, पण वरून जाळी टाकून

या महिन्यात टपालात आणि मोबाइलवर जे प्रश्न आले, त्यांत गाई-म्हशी, शेळ्या मागे पडल्या आणि कासवं पुढे आली. भुसावळपासून शहाद्यापर्यंत लोकांनी विचारलंय. फ्लॅटमधून वाढलेली आफ्रिकी सल्काटा जातीची पिल्लं आता खान्देशातल्या अंगणात, परसात येऊ लागली आहेत. जीव तळहाताएवढा आणि आपल्याकडचं ऊन, कावळे, मुंगसं, काळी माती यांची त्याला काही ओळख नाही. म्हणून हा अंक त्यांनाच दिला आहे.

प्रश्न : डॉक्टर ताई, माझा भाचा पुण्याची नोकरी सोडून परदेशी गेला. जाताना सल्काटाची दोन पिल्लं आमच्याकडे सोपवली. कागदपत्रं आहेत. आजवर ती काचेच्या पेटीत वाढली. आमच्या घरामागे दीड गुंठ्याची बाग आहे, चारही बाजूंनी भिंत आहे. चिकू, लिंबू, जास्वंद, खाली हराळी. तिथे मोकळी सोडावीत असं मला वाटतं. आई मात्र पहिल्या दिवसापासून म्हणते, "कावळा ली जाई!" आईची भीती खरी आहे का? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : दादा, आईचं ऐका. त्यांनी उभी हयात अंगणात कोंबडीची पिल्लं राखली असतील, त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

लोक भिंतीकडे बघतात आणि निर्धास्त होतात. पिल्लू पळून जाईल ही भीती असते, म्हणून भिंत पुरेशी वाटते. पण तळहाताएवढ्या कासवावरचं पहिलं संकट वरून येतं. आणि कावळ्याला ते उचलून न्यायची गरजही नसते. तो चोचीने पिल्लाला उलटं करतो आणि कवचाच्या बाहेर जे मऊ आहे तिथे टोचतो. असं एक पिल्लू माझ्यासमोर टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. पाठीवर ओरखडा नाही, पोटाच्या बाजूला काही नाही. घरच्यांना वाटलं नुसतं घाबरलंय. मागचा पाय हळूच बाहेर ओढून बघितला, तर मांडीच्या मुळाशी, जिथे कातडी सैल असते तिथे, पेन्सिलच्या टोकाएवढी दोन भोकं आणि आत पू. कावळ्याने दोनच चोची मारल्या होत्या. कुणी हुसकावलं म्हणून तो उडाला, पण जखम दोन दिवस कुणाला दिसली नाही. शिवाय या वयात कवचही पुरतं टणक झालेलं नसतं, अंगठ्याने हलकं दाबलं तर किंचित लवतं. घारीच्या नख्यांपुढे ते टिकत नाही. भारद्वाज सरडे आणि सापाची पिल्लं खातो, त्याच्यावरही भरवसा ठेवू नका.

जमिनीवरून येणारे वेगळे. मुंगूस भरदुपारी येतं, माणसाला फारसं भीत नाही. मांजर पंजाने खेळत खेळत पाय ओरबाडतं. रात्री घूस येते, आणि ती भिंतीवरून नाही, भिंतीखालून येते. घुशीने पिल्लाचे पाय कुरतडल्याच्या जखमा मी बांधल्या आहेत. पिल्लू ओरडत नाही, पळत नाही, अंग आत ओढून बसतं आणि घूस सावकाश कुरतडत राहते. हे लिहितानाही मला त्रास होतो. घरचा कुत्रा सगळ्यांत फसवा. तो वर्षभर शेजारी झोपतो, काही करत नाही, आणि एक दिवस हाड समजून कवच चावायला घेतो. कुत्र्याने चावलेलं कासव आलं की मालक हमखास सांगतात, "आमचा कुत्रा तसा नाही." कुत्रा घरात असेल तर दोघांना एका अंगणात सोडूच नका, तुम्ही समोर बसला असाल तरीही.

तर बागेत सोडा, पण बागेच्या आत त्यांचं वेगळं कुंपण करा. एका पिल्लाला साधारण सहा फूट बाय चार फूट जागा आणि दीड फूट उंची. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या. कोंबड्यांची सहाकोनी जाळी स्वस्त मिळते, पण तिच्या भोकातून कावळ्याची चोच आणि घुशीचं पिल्लू दोन्ही आत जातं. वरून त्याच जाळीचं झाकण, बिजागरी आणि कडी लावून. नुसतं ठेवलेलं झाकण मांजर सरकवतं. खाली पाया एक फूट खोल विटांचा करा, किंवा तळाला जाळी अंथरून वर आठ-नऊ इंच माती टाका.

आता दोन गोष्टी वेल्डर तुम्हाला सांगणार नाही. जमिनीलगतचा एक फूट पत्र्याने किंवा विटांनी बंद करा, आरपार दिसता कामा नये. कासवाला जाळीपलीकडचं दिसलं की ते दिवसभर जाळीला नाक घासत येरझारा घालतं, नाकाची कातडी सोलून निघते. आणि कोपरे. कासव कोपऱ्यात दोन्ही भिंतींना पाय लावून वर चढतं आणि पाठीवर पडतं. म्हणून कोपऱ्यात तिरकी फळी बसवा, म्हणजे चढायला खाच राहत नाही.

पाठीवर पडणं किती वाईट, हे लोकांच्या लक्षात येत नाही. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात. उलटं पडलं की पोटातलं सगळं वजन फुप्फुसांवर येतं आणि श्वास कोंडतो. त्यात ऊन असेल तर मोठं कासवही फार वेळ काढत नाही, पिल्लू तर थोड्या वेळातच जातं. म्हणून आत उंच दगड, रचलेल्या विटा, कुंड्यांची रांग असं शोभेचं काही नको. जमीन सपाट, थोडीशी उंचसखल चालेल.

तुमच्याकडे दोन आहेत म्हणून सांगते. एकाला सोबत हवी म्हणून दोन ठेवतात, पण कासवाला सोबत लागत नाही. दोन एकत्र असली की एक दादागिरी करतं. मारामारी दिसेलच असं नाही. एक सारखं दुसऱ्याच्या पुढ्यात येऊन बसतं, वाटीवर चढतं, आणि दुसरं हळूहळू खायचं सोडतं. मोठेपणी नर सल्काटा तर धडक मारून समोरच्याला उलटंच करतो. मध्ये फळी टाकून दोन खण करा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर दोघांचं वजन घ्या आणि वहीत लिहा. एकाचं वाढतंय आणि दुसऱ्याचं तिथेच आहे, हे डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळतं.

काचेच्या पेटीतून बाहेर आणताय हे मात्र फार चांगलं करताय. कवच घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातल्या अतिनील किरणांनी बनतं. काच ती किरणं अडवते. खिडकीतल्या उन्हात बसवून उपयोग नाही, ऊन थेट अंगावर पडायला हवं. जाळीतून ते पडतं. मात्र दिवेलागणीला दोन्ही मोजून घरात घ्या. कुंपण कितीही पक्कं असो, एवढी लहान आहेत तोवर रात्र बाहेर नको.

आणि भाच्याचे कागद नीट बघा. नोंदणी त्याच्या नावावर असेल तर ताबा बदलल्याचं केंद्राच्या परिवेश पोर्टलवर कळवावं लागतं. परदेशी जातींच्या नोंदणीचे नियम २०२४ साली आलेत. हे काम पुढे ढकलू नका. भाचा फोन उचलतोय तोवर करून घ्या.

प्रश्न : ताई, सल्काटा वाळवंटातलं कासव म्हणतात, म्हणून आम्ही ते दिवसभर गच्चीवर सोडतो. गेल्या आठवड्यात दुपारी त्याच्या तोंडाला फेस आला, मान आणि पुढचे पाय ओले झाले. मग निपचित पडलं. आता बरं आहे. भुसावळचं ऊन त्याला काय करणार, असं आम्हाला वाटलं होतं. (एक वाचक भगिनी, भुसावळ)

उत्तर : ताई, ते वाचलं हे मोठं. तो फेस म्हणजे त्याची लाळ. कासवाला घाम येत नाही. अंग फार तापलं की सल्काटा लाळ गाळतं, ती मानेवर, पुढच्या पायांवर पसरते आणि तिच्या ओलाव्याने जिवाला थोडा गारवा मिळतो. हा त्याचा शेवटचा उपाय. हे दिसलं की पुढची काही मिनिटं फार मोलाची असतात.

सल्काटा सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं आहे हे खरं. पण तिथे ते दुपारी उन्हात हिंडत नाही. जमिनीत कित्येक फूट लांब बीळ खणतं आणि तापलेले तास त्या बिळात काढतं. आत हवा गार आणि दमट असते. सकाळी आणि संध्याकाळी बाहेर येऊन चरतं. तुमच्या गच्चीवर त्याला बीळ कुठलं? मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तो सावलीतला. गच्चीच्या सिमेंटला त्या वेळी पाय टेकवत नाही, आणि कासवाचं पोट त्या सिमेंटपासून दोन बोटांवर असतं. खालून भाजतं, वरून भाजतं. पिल्लू जितकं लहान तितकं लवकर तापतं.

गच्ची, कोटा फरशी, पत्र्याची शेड, पार्किंग, ही जागा कायमची वगळा. मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सकाळी आठ-साडेआठपर्यंत ऊन, नंतर सहा वाजून गेल्यावर पुन्हा बाहेर. मधल्या वेळी बाहेर ठेवायचंच असेल तर कडुनिंबाखाली, मातीवर, आणि कुंपणाच्या निम्म्या भागावर रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट. सूर्य फिरतो हे विसरू नका. सकाळी ज्या कोपऱ्यात सावली बघून कुंपण ठेवलं, तिथे दुपारी एक वाजता काय असतं ते एकदा स्वतः जाऊन बघा. जमिनीवर तळहात पालथा ठेवा. तुम्हाला हात ठेवून राहवत नसेल, तर त्यालाही राहवत नाही.

बिळाची सोय मात्र घरच्या घरी होते, आणि माझ्या अनुभवात तिच्यासारखी दुसरी नाही. उन्हाळ्यात प्रत्येक घरी एखादा माठ पाझरायचा थांबतो किंवा तडकतो. तो फेकू नका. तोंडाची कड फोडून वाट रुंद करा, धारदार काठ कानशीने घासून गुळगुळीत करा, आणि माठ आडवा करून निम्म्याहून जास्त जमिनीत पुरा. तोंड उत्तरेला ठेवा, वर माती चढवा, मातीवर सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. आत चार बोटं ओलसर माती आणि थोडं वाळलं गवत. बाहेर फुफाटा उडत असताना या माठात हात घालून बघा, फरक लगेच जाणवेल. पिल्लू पहिल्या-दुसऱ्या दिवशीच आत जाऊन बसायला लागतं.

या ओलाव्याचा आणखी एक फायदा आहे. पुष्कळ पाळीव कासवांच्या पाठीवर खवले उंच-उंच, टेकाडासारखे वाढतात. हे जास्त खाण्याने होतं असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. व्हिएन्नाच्या दोन संशोधकांनी सल्काटाच्याच पिल्लांवर अभ्यास करून २००३ साली दाखवलं की खाण्यातल्या प्रथिनांपेक्षा हवेचा कोरडेपणा त्याला जास्त कारणीभूत आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवेत पाणी नावालाच. म्हणून ओला माठ, आणि रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्याची आंघोळ. पसरट टोपात पाणी इतकंच, की कासव उभं राहिलं तर हनुवटीखाली राहील. ते त्यातच पाणी पितं, त्यातच घाण करतं, मग पाणी फेकून द्या. तो टोप स्वयंपाकाला वापरायचा नाही आणि धुवायचाही बेसिनमध्ये नाही. कासवाच्या विष्ठेतून साल्मोनेला जातो, लहान मुलांना तो चांगलाच भोवतो. हाताळल्यावर साबणाने हात, यात सवलत नाही.

पुन्हा कधी फेस दिसला तर लगेच सावलीत घ्या, साध्या पाण्यात पाय बुडतील असं ठेवा, पाठीवर ओलं फडकं ठेवा. बर्फ किंवा फ्रिजचं पाणी नको, त्याने धक्का बसतो. आणि तासाभरात मान वर काढली, चालायला लागलं, तरी पशुवैद्यकाला दाखवा.

प्रश्न : आमची केळीची बाग आहे. कासवाला रोज पिकलं केळं देतो, आवडीने खातं. कधी दूध-पोळीही देतो. बागेत सोडलं तर चालेल का? (एक वाचक, सावदा)

उत्तर : भाऊ, रावेर-सावद्याकडच्या माणसाला केळं देऊ नका म्हणणं म्हणजे पाहुण्याला चहा नको म्हणण्यासारखं आहे, पण तरी सांगते, बंद करा. सल्काटा गवत खाणारं आहे. गुरांच्या पोटात होतं तसं गवताचं आंबवण त्याच्या आतड्यात होतं. रोजच्या साखरेने ते बिघडतं, पातळ घाण होते, जंत वाढतात. केळ्यात कॅल्शियमही अगदी थोडं. आवडीने खातं हे खरं, मुलं गोळ्याही आवडीनेच खातात. दूध, पोळी, भात, बिस्कीट, कुत्र्याचं खाणं, काहीच नको.

हराळी, मारवेल यांनी पोट भरू द्या. वर जास्वंदाची पानं-फुलं, तुतीची पानं, थोडा शेवग्याचा पाला, थोडं लसूणघास. बांधावरच्या फड्या निवडुंगाचे काटे जाळून, सोलून फोडी दिल्या तर उत्तमच. पालक रोज नको. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, जो पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात तोच, जमिनीवर टाकून ठेवा. त्याला वाटेल तेव्हा कुरतडेल.

केळीच्या बागेत मात्र सोडू नका. फवारणी, तणनाशक, ठिबकमधून जाणारी खतं, हे सगळं त्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. ठिबकच्या नळीचे तुकडे, सुतळी, खताच्या पिशवीची सुटलेली नायलॉन दोरी यांचा मला फार राग आहे. कासव रंगीत तुकडा दिसला की चावून बघतं आणि गिळतं. दोरा पायाला गुंडाळला की पाय सुजतो, आणि कवचाच्या आत असल्याने काळा पडेपर्यंत कुणाला दिसत नाही. शेजारच्या कपाशीवर फवारणी असेल त्या दिवशी, आणि वारा तुमच्याकडे असेल तर पुढचे काही दिवस, कासव घरात. गवत कापून आणताना बांधावर तणनाशक मारलंय का हे विचारूनच कापा.

घराच्या अंगणात कण्हेर, पिवळी बिट्टी, घाणेरी, रुई, धोत्रा, एरंड असेल तर त्याच्या कुंपणापासून लांब, गळालेली पानंफुलंही आत येणार नाहीत इतकी लांब. प्राण्याला विष कळतं असं म्हणतात. पेटीत वाढलेल्या पिल्लाला कळत नाही.

प्रश्न : आमच्याकडे काळी जमीन आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात चिखल. अशा मातीत कासव ठेवता येईल का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : त्या मातीत तसंच नको. एप्रिलमध्ये काळ्या रानाला ज्या भेगा पडतात, त्यांत पिल्लू सहज उतरतं आणि अडकतं, वर येता येत नाही. पावसाळ्यात तीच माती पायांना गोळ्याने चिकटते. कुंपणाच्या जागी आधी मुरूम भरा, वर पोयट्याची माती आणि थोडी वाळू मिसळून फूटभर थर द्या, जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच. पाणी निघून जायला एका बाजूला किंचित उतार.

उन्हाळ्यानंतरची पहिली सर कासवाला आवडते, पाच-दहा मिनिटं भिजू द्या. पण झड लागली, गार वारा सुटला की आत. ओल आणि गारठा एकत्र आला की नाकाला बुडबुडे येतात, तोंड उघडं टाकून श्वास घेतं. तो न्यूमोनिया असतो, घरगुती काढ्याने जात नाही. पाणी प्यायला कुंडीखालची मातीची उथळ थाळी जमिनीत काठापर्यंत पुरून ठेवा. प्लास्टिकचं टब ठेवू नका, पिल्लू त्यात उलटं पडून बोटभर पाण्यातही बुडतं. उरलेलं खाणं संध्याकाळी उचला. लाल मुंग्या खाण्यासाठी येतात आणि कासवाच्या डोळ्यांना लागतात.

अंगण झाडून पालापाचोळ्याचा ढीग पेटवायची सवय असेल तर आधी ढीग काठीने उसकून बघा. कासवाला असल्या ढिगात शिरून बसायला फार आवडतं.

प्रश्न : कासव हरवू नये म्हणून कवचाच्या कडेला बारीक भोक पाडून साखळी लावावी, असं एकाने सांगितलं. कवचाला दुखत नाही म्हणतात. (एक वाचक, धुळे)

उत्तर : दुखतं. कवच म्हणजे वरून घातलेली पेटी नाही. त्याचा कणा आणि बरगड्या त्या कवचातच जुळलेल्या आहेत. आत जिवंत हाड आहे, रक्त आहे, संवेदना आहे. पाठीवर बोट फिरवलं तरी त्याला कळतं. भोक पाडू नका, ऑइलपेंट लावू नका, नाव कोरू नका. कुणी हे केलेलं बघितलं तर त्यालाही थांबवा. ओळख ठेवायची असेल तर पोटाकडच्या कवचाचा फोटो काढा. तिथली नक्षी प्रत्येक कासवाची वेगळी असते. वर्षातून एकदा नवा फोटो काढा, नोंदणीच्या कागदांसोबत ठेवा.

आणि फाटकाखालची फट बंद करा. हरवलेली बहुतेक कासवं तिथूनच जातात. आधीच कुठे तडा गेलेला असेल तर फेविक्विक टाकू नका. जंतू आत कोंडतात.

प्रश्न : मी नववीत आहे. गिरणेच्या काठी मला छोटं कासव सापडलं. आमच्या बागेत टाकी आहे, तिथे ठेवू का? बाबांचे एक मित्र विचारत होते की त्याला वीस नखं आहेत का, असतील तर भरपूर पैसे मिळतील. (एक विद्यार्थी, भडगाव तालुका)

उत्तर : बाळा, तू विचारलंस हे फार बरं केलंस. ठेवू नकोस. आपल्या नद्यांतली, माळरानातली कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. पाठीवर चांदण्यांसारखी पिवळी नक्षी असणारं स्टार कासव लोक हौसेने घरात ठेवतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे, आणि तो गुन्हा ठरला तर तीन ते सात वर्षं कैद आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. या अंकात मी ज्या सल्काटाबद्दल लिहिलंय ते परदेशी आहे, नोंदणी करून पाळता येतं. आपलं कासव नोंदणी करूनही घरी ठेवता येत नाही.

कासव धडधाकट असेल तर बाबांना घेऊन जा आणि जिथे सापडलं तिथेच, काठाच्या सावलीत सोड. जखमी असेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लाव. तोवर भोकं पाडलेल्या खोक्यात, ओल्या फडक्यावर ठेव, खायला काही घालू नकोस.

वीस नखांचं म्हणशील तर, नखांची संख्या जातीवर ठरते. काही पाणकासवांना प्रत्येक पायाला तीनच नखं दिसतात, काहींना पुढे पाच आणि मागे चार. त्यात पैसा नाही, गुप्तधन नाही. गुप्तधनाच्या नादी लावून लोकांना लुबाडणारे आहेत, आणि त्या नादात मुकी जनावरं गोणीत कोंबून मारली जातात. बाबांच्या मित्रांना हे पान वाचून दाखव.

प्रश्न : आमचं कासव हिवाळ्यात खायचं कमी करतं. ते झोपी जातं का? आणि किती मोठं झालं की कुंपण काढून बागेत मोकळं सोडता येईल? (एक वाचक भगिनी, नंदुरबार)

उत्तर : ताई, सल्काटा शीतनिद्रा घेत नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो, धुळ्याकडे त्याहूनही खाली. तेव्हा ते सुस्त पडतं कारण अंग गार पडलेलं असतं. पोटातलं खाणं पचत नाही, आतच कुजतं. संध्याकाळी पाचच्या आत घरात घ्या, लाकडी खोक्यात कडबा किंवा वाळलं गवत घाला, फार थंडी असेल तर खोक्याच्या एका बाजूला, वर टांगून, कासवाला आणि गवताला लागणार नाही असा उबेचा दिवा लावा. सकाळी दहानंतर, जमीन तापल्यावर बाहेर. त्या दिवसांत दुपारभर ऊन खाऊ द्या.

कुंपणाचं उत्तर वर्षांत देता येत नाही, आकारात देता येतं. कवच वीतभर झालं आणि दाबल्यावर कुठेही लवत नाही, म्हणजे कावळा-मांजराची भीती गेली, वरची जाळी काढा. मुंगूस आणि कुत्रा यांची भीती तेव्हाही राहते, म्हणून भिंत आणि रात्रीची खोली कायम. यापुढे प्रश्न उलटा होतो. पुरतं वाढलेलं सल्काटा ४०-५० किलोंचं होतं, बीळ खणायला लागतं आणि कंपाऊंडच्या भिंतीचा पाया उकरतं. भिंतीलगत दोन फूट रुंदीची फरशी आडवी पुरून घ्या. हे काम ते लहान आहे तोवरच करून टाकलेलं बरं, नंतर त्याला हलवायला दोन माणसं लागतात.

हिवाळ्यात आठवडाभर काहीच खाल्लं नाही, डोळे मिटून आत गेल्यासारखे दिसले किंवा वहीतलं वजन सलग दोनदा उतरलं, तर कोमट आंघोळ घालून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. येताना वही घेऊन या.